तहाने जिंकायचा डाव

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची गावं. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून लढून घेतलेली साष्टी १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाली. तहाची ही ताकद पटावर अनुभवायची तर 'सिव्हिलायझेशन ६' हा कॉम्प्युटर गेम फक्त मुत्सद्देगिरीने खेळून बघाच!

'गॅदरिंग स्टॉर्म' हे एक्सपान्शन हवं. त्यात २० डिप्लोमॅटिक पॉइंट झाले की विजय. पहिल्यापासून नगरराज्यांकडे दूत पाठवत राहा. तुम्ही ज्यांचे अधिपती, त्यांच्यामुळे दर टर्नला 'फेव्हर' मिळतो, आणि तोच खरा खजिना. मध्ययुगात वर्ल्ड काँग्रेस सुरू होते. तिथे पहिलं मत फुकट, पुढच्या प्रत्येकाला वाढता फेव्हर मोजायचा. मला इथलाच भाग सगळ्यात आवडतो: स्वतःच्या सोयीचा ठराव रेटण्यापेक्षा बहुमत कुठे झुकेल ते ओळखा. जिंकणारा पर्याय आणि त्याचं लक्ष्य दोन्ही जुळले की १ पॉइंट तुमचा.

महाबोधी मंदिर बांधलं की २ पॉइंट, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचे ४. ही दोन्ही सोडू नका. दुसऱ्याची मूळ राजधानी मात्र बळकावू नका, दर टर्नला फेव्हर कापला जातो.

नेता कोण घ्यावा? माझं मत कॅनडाच्या लॉरिएला. त्याच्यावर कोणी अचानक युद्ध पुकारूच शकत नाही.