खान्देशची आगगाडी (भाग सातवा) : तापी न ओलांडणारी ‘तापी व्हॅली’

माझी आजी नंदुरबारहून सुरतेला निघाली की लुगड्याच्या सोग्याला एक नाणं बांधून घ्यायची. तापीमाईला वाहायला. ‘तापी व्हॅली’ रेल्वेतून जायचं म्हणजे वाटेत तापी लागणारच, असा तिचा साधा हिशोब. पण उधना येई आणि नाणं गाठीतच राही. दोनतीन फेऱ्यांनंतर तिने तोड काढली. नवापूरला रंगावलीच्या पुलावर गाडी धडधडली की खिडकीतून नाणं खाली. विचारलं तर म्हणायची, “ही तरी कुठं जाते? तिच्याकडेच ना.”

आजीचा भूगोल चोख होता. उधन्यापासून जळगावापर्यंत ३०६ किलोमीटरच्या या मार्गावर तापी एकदाही ओलांडावी लागत नाही. सुरतेजवळचं उधना तापीच्या दक्षिणेला आणि जळगावही दक्षिणेलाच, मग मधल्या वाटेत रुळांनी नदीपलीकडे जायचं कशाला? किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने चालवलेल्या तापी व्हॅली रेल्वे कंपनीचे रूळ १९०० पर्यंत सुरतेहून अमळनेरला पोहोचले आणि तिथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या जळगाव फाट्याला मिळाले. खान्देशात तेव्हा विक्रम संवतातल्या छप्पन्न सालचा दुष्काळ चालू होता. पुढे १९४२ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि १९५१ पासून हा मार्ग पश्चिम रेल्वेत आला. कंपनीची कथा एवढ्यावर सोडू. मला बोलायचंय ते तिने मागे ठेवलेल्या पुलांबद्दल, आणि त्याहून जास्त मोऱ्यांबद्दल.

मोठी नदी टाळली म्हणून कंपनीची पुलांतून सुटका झाली, असं मात्र नाही. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, रूळही तसेच धावतात. पण दक्षिणेच्या डोंगरांतून निघणारी प्रत्येक उपनदी उत्तरेकडे तापीला भेटायला जाते आणि वाटेत रुळांना आडवी येते. नवापूरची रंगावली, खांडबाऱ्याकडची नेसू, नंदुरबारच्या पश्चिमेची शिवण, दोंडाईच्याची अमरावती, शिंदखेड्याची बुराई, मग पांझरा, अमळनेरची बोरी आणि जळगावच्या अलीकडे गिरणा. एक तापी चुकवायला आठ नद्या ओलांडल्या. तरीही हा सौदा फायद्याचाच होता. तापीचं पात्र रुंद आहे, काठ उंच आणि घळींनी चिरलेले आहेत.

या नद्यांच्या मध्ये असंख्य नाले आहेत. दहा महिने कोरडे आणि उरलेल्या दोन महिन्यांत अंगावर येणारे. रुळांसाठी मातीचा भराव टाकला की या नाल्यांच्या दृष्टीने ते एक लांबच लांब धरणच होतं. पाणी दक्षिणेच्या बाजूला तुंबणार, काळी माती भिजून फुगणार आणि भराव बसणार. म्हणून दर थोड्या अंतरावर त्याला भोक ठेवायचं. ते भोक म्हणजे मोरी. रेल्वेच्या दफ्तरात मोरीलाही पूलच म्हणतात, तिलाही क्रमांक असतो. पाण्याची एकूण वाट १८ मीटर किंवा त्याहून जास्त, किंवा एखादा गाळा १२ मीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर तो ‘मोठा पूल’. बाकी सगळे ‘छोटे’.

मोरी केवढी ठेवायची, हे ठरवणं सोपं नव्हतं. पर्जन्यमापक मोजके आणि नाल्याच्या पुराची नोंद ठेवणार कोण? त्या काळी अभियंत्यांच्या हाताशी १८६५ मध्ये डिकन्सने मांडलेलं सूत्र असे. पूर पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो, असं ते सांगतं. म्हणजे पाणलोट सोळा पट झाला तर पूर सोळा पट होत नाही, आठ पट होतो. मोठ्या पाणलोटात सगळीकडे एकाच वेळी सारखा पाऊस कोसळत नाही, हे त्यामागचं शहाणपण. पण सूत्रातला गुणक निवडायचा अंदाजानेच. मग गावातल्या म्हाताऱ्याला विचारायचं, “बाबा, पाणी कुठपर्यंत चढलं होतं?” आणि तो ज्या बाभळीकडे बोट दाखवेल तिथे खूण करायची. मुंबई इलाख्यातल्या नद्यांसाठी इंग्लिसचं वेगळं सूत्र आलं, पण तोवर हे रूळ पडून तीसेक वर्षं झाली होती.

दगडाची चिंता या भागात नव्हती. नंदुरबार-धुळ्याच्या माळावर भिंतीसारख्या सरळ, मैलोन्‌मैल गेलेल्या काळ्या टेकड्या दिसतात. जमिनीच्या भेगांत लाव्हा शिरून थिजला आणि भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो उभा राहिला. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात, आणि नंदुरबार-धुळ्याचा हा समूह त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय आहे. असा काळा दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमान नेमकी याच स्वभावावर उभी असते. पाचरीसारखे घडवलेले दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत आणायचे, माथ्यावर कळीचा दगड बसवायचा आणि साचा काढून घ्यायचा. वरून जेवढं ओझं येईल तेवढे दगड एकमेकांना घट्ट आवळतात. म्हणून वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातली चुन्यातली कमान आज एका आसाला २२.९ टनांपर्यंत भार असलेले कोळशाचे डबे झेलू शकते. लोखंडी गर्डरला हे भाग्य नाही. तो गंजतो, थकतो, बदलावा लागतो.

कमानीचा घात होतो तो खालून. पाण्याने पायाखालची माती खरवडली किंवा ओंडके आणि काटेरी झुडपं अडकून तोंड बुजलं, की दगड शाबूत असूनही पूल जातो. महाडला सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, तेव्हा अंधारात वाहनं सरळ नदीत गेली. तो रस्त्याचा पूल होता आणि पावसाळ्याच्या रात्री त्यावर पहारा नव्हता.

रेल्वेत असतो. पावसाळा सुरू झाला की रात्रीची गस्त सुरू होते. पाठीवर पिशवी, हातात बत्ती आणि काठी घेतलेला गँगमन आपल्या वाटणीचे रूळ चालत जातो. पुढच्या गस्तवाल्याशी गाठ पडली की परत फिरतो. धोक्याच्या पुलांवर तर माणूस रात्रभर बसूनच असतो. खांबावर लाल पट्टा रंगवलेला असतो, त्याला पाणी टेकलं की गाडी थांबवायची. भराव खचलेला दिसला तर लाल बत्ती लावायची, धावत ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा आणि १२०० मीटरवर आणखी तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक ब्रेक लावतो. अमेरिकेतल्या आयोवात ६ जुलै १८८१ च्या वादळी रात्री हनी क्रीकचा पूल कोसळला. तेव्हा केट शेली ही पोर डे मॉइन नदीवरचा लांबलचक पूल अंधारात रांगत ओलांडून स्थानकावर गेली आणि तिने येणारी प्रवासी गाडी थांबवली. तिच्या नावाने तिकडे पूल आहे. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात हेच काम कुणीतरी रोज रात्री पगारावर करतो आणि सकाळी झोपायला जातो.

हा मार्ग आता दुहेरी झाला आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी जुन्या पुलाला खेटून काँक्रीटचा नवा पूल दिसतो. काँक्रीटवर माझा राग नाही. पण फाटकं बंद करून रुळांखाली जे भुयारी रस्ते केले गेले, त्यांच्याविषयी बोललं पाहिजे. जुनी मोरी नाल्याच्या तळाला बसवलेली असे. पाऊस ओसरला की तिच्यातून गुरं, बैलगाड्या, शाळेची पोरं खुशाल जात. भुयारी रस्ता जमीन खणून खाली नेतात, मग श्रावणात त्यात कमरेइतकं पाणी साचतं आणि शेतकरी चार किलोमीटरचा वळसा घालतो.

तापी न ओलांडण्याची किंमतही कुणीतरी मोजलीच. नंदुरबार जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांपैकी रूळ फक्त नंदुरबार आणि नवापूरला आहेत. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी तापीच्या उत्तरेला. तिथल्या माणसाला गाडी गाठायची तर आधी तापीवरचा रस्त्याचा पूल ओलांडावा लागतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नकाशावर ओढलेली ती रेघ अजून तशीच आहे.

पुढच्या वेळी नंदुरबारहून सुरतेकडे निघालात तर गाडी हळू झाल्यावर पुलाच्या कठड्याकडे बघा. पांढऱ्या रंगावर पुलाचा क्रमांक आणि त्याजवळ पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. नवापूरपर्यंत ते बाण तुमच्या उजव्या हाताकडे रोखलेले असतील. नदी तिकडे आहे.

(पुढील आठवड्यात : पांझरा ते गिरणा)