सरहद्दीवरची गृहिणी

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा इतिहास म्हटला की घोडेस्वार आणि वाटाडेच आपल्यापुढे उभे राहतात. किट कार्सन हा त्यांतला नामांकित. १८४३ च्या फेब्रुवारीत न्यू मेक्सिकोतील टाओस गावी त्याचे लग्न होसेफा हारामिल्यो हिच्याशी झाले. तो तेहेतीस वर्षांचा, ती पुरती पंधराचीही नव्हती. आम्हांला आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

टाओस तेव्हा मेक्सिकोत होते. घरे कच्च्या विटांची. भिंती लिंपण्याचे काम बायकांचे. पाटाच्या पाण्यावर शेती. नवरा मोहिमेवर गेला की महिनोन्‌महिने पत्ता नसे. स्पॅनिश कायद्याचा मात्र या बायकांना मोठा आधार होता. लग्नानंतरही स्त्रीची मिळकत तिचीच राही आणि संसारातल्या कमाईत तिचा निम्मा वाटा असे. इंग्रजी कायद्याखाली लग्न होताच बायकोची जंगम मिळकत नवऱ्याची होई!

ऑगस्ट १८४६ मध्ये अमेरिकन फौजेने सांता फे घेतले. होसेफा जागची हलली नाही. सरहद्दच तिच्या उंबऱ्यावरून पुढे सरकली. तिची थोरली बहीण इग्नासिया हिचा जोडीदार चार्ल्स बेंट हा नवा गव्हर्नर झाला. १९ जानेवारी १८४७ रोजी बंडवाले त्याच्या घरावर चालून आले. होसेफा त्या घरातच होती, कार्सन दूर कॅलिफोर्नियात. बायकांनी विस्तव सारायची सळई आणि चमचा घेऊन भिंतीला भोक पाडले व मुलांसह शेजारच्या घरात शिरल्या. पक्क्या विटांची भिंत असती तर हे साधते ना. बेंट मारला गेला. होसेफाचा भाऊ पाब्लो हाही त्याच बंडात गेला.

एप्रिलमध्ये खटले चालले. आरोपी परके नव्हते. त्याच गावचे आणि शेजारच्या प्वेब्लो वस्तीतले. इग्नासियाने साक्षीत मारेकऱ्याकडे बोट दाखवले. होसेफाही कोर्टात हजर होती. लुईस गॅरार्ड या तरुण प्रवाशाने हे पाहिले. जिंकलेल्या लोकांवरच राजद्रोहाचा आरोप कसला, असे त्याने रोखठोक लिहिले. होसेफाविषयी मात्र लिहिले ते तिच्या रूपाबद्दल. जिथे भाऊ गमावला त्याच गावची माणसे फासावर जाताना पाहायची आणि पुन्हा तिथेच नांदायचे, हा तिचा पेच त्या हुशार पोराच्या नजरेतून सुटला, याचे आम्हांला वाईट वाटते.

तिला आठ मुले झाली. शेवटच्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल १८६८ मध्ये, कोलोरॅडोतील बॉग्जव्हिल येथे ती वारली. महिन्याभरात कार्सनही गेला. पोरक्या मुलांना आसरा मिळाला तो रुमाल्दाच्या घरी. ही रुमाल्दा म्हणजे इग्नासियाची मुलगी. भिंत फोडताना तीही सोबत होती.