एलईडीखाली थर्मल ग्लू : कोणता आणि किती?

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता अगदी छोटा आहे. जुन्या टॉर्चमधला बल्ब काढून तिथे एलईडी बसवायचा, तर तो कशानं चिकटवायचा? आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांची सवय अशी, की वस्तू निवडण्याआधी ती कशासाठी हवी आहे, हे विचारायचं. इथंही तिथूनच सुरुवात करू.

एलईडी गार असतो, असा एक समज आहे. त्याचा झोत बल्बसारखा पोळत नाही, हे खरं. पण त्याला ३ वॉट वीज दिली, तर त्यातली साधारण २ वॉट उष्णताच होते. ही उष्णता झोताबरोबर बाहेर पडत नाही, एलईडीच्या बुडाशी साठते. तिथून ती टॉर्चच्या धातूच्या अंगात आणि पुढं हवेत गेली पाहिजे. नाही गेली, तर उजेड मंदावतो आणि एलईडीचं आयुष्य घटतं.

एलईडी बहुधा २० मिलिमीटर व्यासाच्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला मिळतो. ही चकती टॉर्चमधल्या धातूच्या बैठकीवर ठेवली, की दोन्ही सपाट दिसतात. प्रत्यक्षात मधे बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा असते. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता २०० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या वर, हवेची जेमतेम ०.०२६. म्हणजे ग्लूचं खरं काम नुसतं चिकटवणं नव्हे, हवेला हुसकावून लावणं हे आहे.

मग ट्यूबवरचा मोठा आकडा बघून ग्लू घ्यायचा का? थोडा हिशोब करू. साध्या एपॉक्सीची वाहकता ०.२ धरा, थर्मल एपॉक्सीची १ धरा. थर, चकती आणि २ वॉट उष्णता यांचा हिशोब मांडला, तर साध्या एपॉक्सीच्या ०.१ मिलिमीटर थरापायी तापमान सुमारे ३ अंशांनी चढतं. थर्मल एपॉक्सीचा १ मिलिमीटर जाड थर दिला, तर ६ अंशांहून जास्त. महाग ग्लू जाड लावला, तर तो स्वस्त पातळ ग्लूपुढं हरतो! थर्मल एपॉक्सीच पातळ लावला, तर फरक १ अंशाच्याही आत. तेव्हा आधी बैठक बारीक पॉलिश पेपरनं सपाट करा, स्पिरिटनं पुसा, मधोमध छोटा थेंब ठेवा, आणि चकती दाबून थोडी फिरवा. कडेनं जरासा ग्लू बाहेर आला, की पुरे.

दुसरा प्रश्न असा, की हे पुन्हा काढायचं आहे का? एपॉक्सी एकदा कडक झाला, की एलईडी बदलताना चकती मोडण्याचीच भीती. चकतीला स्क्रू बसत असतील, तर न सुकणारी थर्मल पेस्ट लावून स्क्रू आवळणं उत्तम. स्क्रूला जागा नसेल, तर मधे पेस्ट आणि कडेला दोन-तीन ठिकाणी ग्लूचे ठिपके, असा मध्यम मार्गही चालतो. नुसती पेस्ट मात्र काही धरून ठेवत नाही. झटपट चिकटणारा ग्लू इथं नकोच, तो तापला की ठिसूळ होतो आणि त्याच्या वाफेनं भिंगावर पांढुरकी धूसर साय चढते. चकतीशिवाय सुटा एलईडी बसवत असाल, तर त्याचं बूड विजेच्या एखाद्या टोकाशी जोडलेलं असू शकतं. तिथं वीज न वाहू देणाराच ग्लू हवा.

आता परीक्षा. सेल पूर्ण भरून टॉर्च पाच-दहा मिनिटं लावून ठेवा. डोकं गार राहिलं, की आपण खूश होतो. ही उलटी समजूत आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान करतात ना, तसं इथं कोमट अंगावरून अनुमान करायचं, की उष्णता बाहेर येते आहे. डोकं गार आणि उजेड मात्र मंदावत चाललेला, तर उष्णता आतच अडकली असण्याची शंका घ्यावी. आणि डोकं हातात धरवेना इतकं तापलं, तर ग्लूचा दोष नव्हे. तो बिचारा आपलं काम करतोय, त्या छोट्या टॉर्चला वीजच जास्त दिली गेली आहे. ती कमी करायची.