डीम म्हणजे मंद नव्हे

मी इंग्रजीचा पदवीधर नाही. मला जे थोडे इंग्रजी येते ते वर्तमानपत्रे, रेडिओ आणि पाने सुटलेला एक शब्दकोश यांच्या आधाराने आले. त्यातलेही बरेचसे आले ते लष्करी करारांच्या बातम्यांतून. नाटो, वॉर्सा करार, सिएटो, सेंटो! हे ऐकून मित्र हसतात. त्यामागची हकिगत मात्र हसण्यासारखी नाही.

मी नववीत होतो. वडील सोलापुरातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कावीळ झाल्यामुळे ते महिनाभर अंथरुणाला खिळले होते. अशात टपालाने एक इंग्रजी कागद आला. घरात इंग्रजी ‘येणारा’ मी एकटाच. वडिलांचे नाव कळले, तारीख कळली. पुढे ‘शॅल बी डीम्ड’ असे शब्द होते. मला डिम लाइट माहीत होता. मी सांगून टाकले, काम मंद करणार आहेत, घाई नाही. वडील बरे होऊन गेटवर गेले तेव्हा मुदत उलटून गेली होती. ठरल्या तारखेला जो हजर होणार नाही त्याने नोकरी सोडली असे मानले जाईल, असा त्या कागदाचा अर्थ होता. वडील मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. कागद अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी इंग्रजीच्या मागे लागलो. शिकवणीला पैसे नव्हते. वाचनालयात मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही वर्तमानपत्रे येत. संध्याकाळी मराठीतली एक बातमी वाचायची, तीच इंग्रजीत शोधायची आणि रात्री नऊला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांत ते शब्द कानाने पकडायचे. बातमी आधीच ठाऊक असल्यामुळे अनोळखी शब्द आपणहून उघडत. हे गावच्या बातम्यांवर जमत नाही, कारण त्या दोन्हीकडे छापून येत नाहीत. करारांच्या बातम्यांत मात्र तेच पंचवीस-तीस शब्द वर्षानुवर्षे फिरून येतात. शिवाय, हे मला फार उशिरा कळले, करारांची इंग्रजी आणि गिरणीच्या नोटिशीची इंग्रजी या सख्ख्या बहिणी आहेत.

परका शब्द कसा शिकावा हे खरे तर सोलापूरला फार पूर्वीपासून माहीत आहे. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडूनही मी ‘मार्शल लॉ’ हा शब्द ऐकला आहे. त्यांनी तो कोशात पाहिलेला नव्हता. त्या शब्दाने काय केले, हे त्यांनी पाहिले होते.

आता ‘अलाय’ हा शब्द घेऊ. आपली वर्तमानपत्रे त्याला ‘मित्रराष्ट्र’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली ‘दोस्त राष्ट्रे’ तीच. पण या शब्दाच्या मुळाशी मैत्री नाही. त्याचे मूळ बांधणे या अर्थाच्या ‘लिगारे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘लीग’, ‘ऑब्लिगेशन’, ‘लायबल’, ‘रिलाय’ हे शब्दही त्याच गाठीतून सुटलेले. मोटारसायकलच्या अलॉय व्हीलमधला ‘अलॉय’ तर ‘अलाय’चा जुळा भाऊ. आपला ‘संधी’ हा शब्द याच्या जवळ जातो, कारण त्यातही सांधणे आहे. मित्र रुसू शकतो, तुटू शकतो. बांधलेल्याला मात्र आधी गाठ सोडवावी लागते.

दुसरा शब्द ‘नॉन-अलाइन्ड’. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली तेव्हा मला प्रश्न पडे, की अलिप्त असलेल्या भारताने ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी करार कसा केला? उलगडा झाला तो टायरच्या दुकानात. तिथे ‘व्हील अलाइनमेंट’ची पाटी होती. अलाइन म्हणजे एका रेषेत आणणे. ज्या लॅटिन शब्दापासून ‘लाइन’ आली त्याचा मूळ अर्थ जवसाच्या तंतूंचा दोरा. चादरी विणणाऱ्या गावाला हे सांगायला बरे वाटते. म्हणजे नॉन-अलाइन्ड देशाने कोणाशी बोलू नये असे नाही, फक्त दुसऱ्याच्या चाकांच्या रेषेत आपली चाके बसवू नयेत. ‘अलिप्त’पेक्षा ‘गटनिरपेक्ष’ हा प्रतिशब्द म्हणून मला नेमका वाटतो. १९७१ च्या कराराचे नववे कलमही हल्ला झाल्यास किंवा तसा धोका दिसल्यास ताबडतोब ‘कन्सल्टेशन’, म्हणजे सल्लामसलत, करायला सांगते. शेजारी उभे राहून लढण्याचे वचन त्या कलमात नाही.

करारांतल्या पायऱ्यांचे शब्दही असेच. स्वीडनने मे २०२२ मध्ये नाटोकडे अर्ज केला, जुलैत सह्या झाल्या, आणि प्रवेश झाला ७ मार्च २०२४ रोजी. मधला काळ ‘रॅटिफिकेशन’चा. प्रत्येक सदस्य देशाची मान्यता हवी होती आणि तुर्कस्तान व हंगेरी अडून बसले होते. आपल्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न झाले असे होत नाही. सही म्हणजे सुपारी, रॅटिफिकेशन म्हणजे घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचा होकार, आणि ‘ॲक्सेशन’ म्हणजे माप ओलांडणे. हे असे सांगितले की मुले पुन्हा विसरत नाहीत.

मराठीने अशा शब्दांपुढे नेहमीच नरमाई दाखवली असे मात्र नाही. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची किमान सहा हजारांची फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजीत त्या व्यवस्थेचे नाव ‘सबसिडियरी अलायन्स’. आपण म्हणतो ‘तैनाती फौज’. इंग्रजी नावात दोघांची जोडणी दिसते. मराठी नाव सरळ सांगते, की तुमच्या दारात दुसऱ्याचे शिपाई उभे आहेत.

शेवटी ‘डीम’. अमेरिकेवरील हल्ल्यानंतर १२ सप्टेंबर २००१ रोजी नाटोने आपल्या कराराचे पाचवे कलम पुढे केले. नाटोच्या इतिहासात ते तेवढे एकदाच झाले. एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला, एवढेच सगळे सांगत होते. मी मूळ कलम मिळवून वाचले. हल्ला सर्वांवरचा मानला जाईल, हे खरे. पण मदत किती आणि कशी? तर प्रत्येक देशाने स्वतः आवश्यक ‘डीम’ करील ती कृती करायची. शस्त्रबळ त्यात येऊ शकते, आलेच पाहिजे असे नाही.

तो शब्द दिसताच मी उठून ट्रंकेतला कागद काढला. डीम म्हणजे मानणे, हे मला बऱ्याच आधी कळले होते. मानणारा कोण, हा प्रश्न मात्र त्या रात्री पहिल्यांदा पडला. नाटोच्या कलमात मानण्याचा अधिकार सही करणाऱ्याने स्वतःकडे ठेवला आहे. वडिलांच्या कागदात तो समोरच्याकडे होता. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो मोकळीक ठेवतो आणि दुसऱ्या ठिकाणी दार लावतो.

आज टॉवेल कारखान्यांतल्या कामगारांची काही मुले संध्याकाळी माझ्याकडे येतात. मोबाइलवर नाटोची बातमी घेऊन येतात. वहीत तीन रकाने आखायचे: इंग्रजी शब्द, पेपरातला मराठी प्रतिशब्द, आणि या शब्दाने कोण कोणाला बांधला गेला. तिसरा रकाना कोशात मिळत नाही, त्यासाठी बातमीच वाचावी लागते. पहिल्या दिवशीचा पहिला शब्द ‘डीम’ असतो. दिव्याचा ‘डिम’ आणि हा ‘डीम’ मी फळ्यावर शेजारी लिहितो, आणि मग वडिलांचा कागद त्यांच्या हाती वाचायला देतो.