कपाशीत मिश्रपीक, शेतात मित्रकिडी



मुंबईत वडाळ्याला आज शेती नाही. पण हार्बरच्या गाडीने वडाळ्याकडे जाताना शिवडीच्या आधी कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन लागतं. आपल्या वाडवडिलांनी पिकवलेल्या कापसाच्या गाठी त्या भागातल्या गोदामांत उतरत आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत त्याचं सूत निघे. गिरण्या बंद पडल्या. मात्र वडाळ्याला लागूनच, माटुंग्याला, 1924 साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आजही कापसाचा धागा तपासते. धागा लांब, मजबूत, स्वच्छ असेल तर दर मिळतो. अळीने पोखरलेल्या बोंडातून मात्र पिवळी कवडी निघते. म्हणजे भाव बाजारात पडण्याआधी आपल्या शेतातच पडतो.

2002 साली बीटी कपाशी आली. हिरव्या बोंडअळीला लगाम बसला. बांधापासून बांधापर्यंत एकच पीक उभं राहू लागलं. पुढे गुलाबी बोंडअळी या बियाण्यातल्या विषाला सरावली. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिनं बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अळी बोंडाच्या आत बसलेली, औषध बाहेर उडालेलं, आणि जीव गेला माणसाचा!

मग करायचं काय?

शेतातली प्रत्येक कीड वैरी नसते. ढालकिडा आणि त्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी मावा खाते. केसासारख्या बारीक देठावर पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. तिची अळीही मावा, तुडतुडे फस्त करते. ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. कोळीसुद्धा आपलाच राखणदार. पण नुसत्या कपाशीच्या रानात यांना सुरुवातीला खायला मिळत नाही. त्यांना आसरा लागतो.

तो आसरा मिश्रपिकातून मिळतो. कपाशीच्या 6 ते 8 ओळींनंतर तुरीची 1 किंवा 2 ओळी घ्या. मधूनमधून चवळीची ओळ टाका. चवळीवर काळा मावा येतो म्हणून घाबरू नका. तो मुख्यतः कडधान्यावर पोसतो, कपाशीचा मावा वेगळा. चवळीवर ढालकिडे जमतात, वाढतात आणि मग कपाशीत उतरतात. बांधाच्या कडेनं मका किंवा ज्वारी, मध्ये थोडा झेंडू लावा. फुलांतला मध मित्रकिडींनाही लागतो. शिवाय कपाशी बसली तरी घरात तूर येते, चवळीची शेंग येते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुलाबी बोंडअळी केवळ मिश्रपिकानं हटत नाही. ती मुख्यतः कपाशीवरच जगते, म्हणून तिची उपासमार करावी लागते. फरदड ठेवू नका. डिसेंबरअखेर कपाशी संपवून पऱ्हाटी शेतातून काढा, बांधावर रचून ठेवू नका. पुढच्या वर्षी त्या रानात ज्वारी, सोयाबीन असा फेरपालट करा.

फवारणीची घाई नको. पहिले दोन महिने कडक औषध मारलं तर आधी मित्रकिडी मरतात, आणि मग पांढरी माशी, मावा दुप्पट जोरानं येतात. गरज पडली तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरा.

लक्षात ठेवा :

1. आठवड्यातून एकदा शेतात फिरा, पानं उलटून बघा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा.

2. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सलग 3 रात्री सापळ्यात 8 किंवा अधिक पतंग आले, किंवा 20 बोंडं फोडून 2 मध्ये अळी सापडली, तरच कृषी सहायकाच्या सल्ल्यानं औषध घ्या.

3. फवारताना तोंडाला फडकं, हातमोजे, अंगभर कपडे. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका.

औषधाचा पंप खांद्यावर घेण्याआधी एकदा पानामागे बघा. तिथं ढालकिडा कामाला लागला असेल, तर तुमची एक फवारणी वाचली!