सही आमची, समज कुणाची?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ठाणे शहरातलेच नव्हे, तर शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचेही रुग्ण येतात. पाचशे खाटांचे हे महापालिकेचे रुग्णालय. विटावा, भास्करनगर, वाघोबानगर, मुंब्रा, दिवा येथील कष्टकरी माणसाला दुसरा आसरा कुठला? ऑगस्ट 2023 मध्ये येथे 24 तासांत 18 रुग्ण दगावले आणि सरकारने चौकशी समिती नेमली. खाटा, डॉक्टर, परिचारिका यांची तेव्हा चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. परंतु आपल्याला काय झाले आहे आणि आपल्यावर काय उपचार होणार आहेत, हे रुग्णाला समजेल अशा रीतीने कोण सांगतो, हा प्रश्न कळव्यातच काय, महाराष्ट्रात कुठेच चर्चेला येत नाही. त्यावर आम्ही जो उपाय सुचवणार आहोत तो ऐकून काही विद्वान हसतील. तो उपाय म्हणजे कॉमिक्स. होय, चित्रांची गोष्ट.

आधी कायद्याचे बोलू. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची सही घेतात. कागद बहुधा इंग्रजीत, मराठीत असलाच तर शासकीय मराठीत, जे वाचताना आमच्यासारख्या वकिलालाही दोनदा थांबावे लागते. 'इथे सही करा' एवढेच रुग्णाच्या कानावर पडते. ही संमती आहे काय? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट सांगितले की, उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती. त्या खटल्यात दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना आईच्या संमतीवर काढून टाकले होते. सज्ञान स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही.

दुसरा खटला आमच्या वस्त्यांच्या अधिक जवळचा आहे. जानेवारी 2012 मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत शिबिर भरवून 53 स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शस्त्रक्रियेचे परिणाम स्त्रीला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगा आणि तिला विचार करायला वेळ द्या. समजणारी भाषा म्हणजे केवळ मराठी नव्हे. 'गर्भनलिका बंधन' हे शब्द मराठीच आहेत, पण ते किती जणींना कळतात? तेच चार चौकटींत काढून दाखवा.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेत 1996 मध्ये जखमेला टाके घालून घरी पाठवलेल्या 234 रुग्णांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना नुसत्या लेखी सूचना, अर्ध्यांना त्याच सूचना व्यंगचित्रांसह. जखमेची काळजी कशी घ्यावी या सर्व प्रश्नांची बिनचूक उत्तरे चित्रवाल्यांपैकी 46 टक्क्यांनी दिली, नुसत्या मजकूरवाल्यांपैकी 6 टक्क्यांनी. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात हृदयाच्या अँजिओग्राफीची संमती घेताना 121 रुग्णांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कॉमिक्स दिलेल्यांना अधिक समजले आणि त्यांची भीतीही कमी झाली. तिथले रुग्ण काही निरक्षर नव्हते. म्हणजे 'आमचे लोक अडाणी' हा जो ठेवणीतला ठपका आहे, तो पुसून टाका.

आमच्या वस्तीतला क्षयरोगच घ्या. सहा महिने गोळ्या. रिफाम्पिसिन सुरू झाले की लघवी केशरी-लाल होते. हे आधी कुणी सांगितले नसेल, तर माणूस रक्त जाते आहे असे समजून घाबरतो आणि गोळ्या टाकून देतो. दोन महिन्यांनी खोकला थांबतो, अंगात बळ येते, रोजंदारी बुडवून औषधाला कशाला जायचे असे वाटते. तिथून औषधाला दाद न देणारा क्षय सुरू होतो. आता हीच गोष्ट चित्रांत पाहा. पहिल्या चौकटीत लाल लघवी, शेजारी 'घाबरू नका'. दुसऱ्या चौकटीत पिवळे पडलेले डोळे, शेजारी 'आजच दवाखान्यात या'. तिसऱ्या चौकटीत पोषणासाठी सरकार देते ते पैसे. ही रक्कम पूर्वी महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून ती 1000 झाली. हक्काचे हे पैसे बँक खाते जोडले नाही म्हणून अडकू नयेत, हेही त्याच चौकटीत.

रुग्णाशी न बोलण्याला आपल्या देशात जातीचा इतिहास आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. हे पत्र 1929 मध्ये 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. बाळंतीण पत्नी आजारी पडली, तर डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. आला तो दूर उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. ती माउली गेली. आज थर्मामीटर थेट लावतात, पण शब्द अजून तीन हातांतून फिरतो. डॉक्टर नर्सला सांगतो, नर्स मावशीला, मावशी नातेवाइकाला.

कॉमिक्स पोरांची म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 2011 चे 'भीमायन' पाहावे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे जीवन त्यात उभे केले आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींची चित्रकथीही चित्र दाखवत गोष्ट सांगण्याचीच कला आहे.

एक धोका मात्र आहे. आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या चित्रांत शहाणी आई बहुधा गोरी, अंगणात तुळशीवृंदावन असलेली असते आणि रोग पसरवणारा माणूस काळा, झोपडीतला. असली कॉमिक्स आम्हाला नकोत. आमची बाई त्यात प्रश्न विचारणारी हवी, डॉक्टरसमोर हात जोडून उभी असलेली नव्हे. ती कोण काढणार? चौदा एप्रिलचे बॅनर आणि देखावे रंगवणारी पोरे आमच्याच वस्त्यांत आहेत. डॉक्टरने मजकूर तपासावा, पोरांनी चित्र काढावे, महापालिकेने मोबदला द्यावा. फुकटची सेवा मागू नये.

ठाणे महापालिकेकडे आमची मागणी मोठी नाही. सुरुवातीला तीनच पत्रके करा: सिझेरियनची संमती, नसबंदीची संमती आणि क्षयाच्या गोळ्या. सहीच्या कागदाला ती जोडा. छापण्यापूर्वी वॉर्डातल्या, वाचता न येणाऱ्या दहा बायांच्या हाती द्या आणि त्यांनी ती गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगितली की मगच छापखान्यात पाठवा. एखादीने चुकीचे सांगितले तर चित्र बदला.