कोणतं पदक मोठं?

दोस्तांनो, व्हिक्टोरिया क्रॉस मोठा की परमवीर चक्र? पिंपरीहून पुण्याला जाताना दापोडीनंतर खडकी लागते ना, तिथल्या बॉम्बे सॅपर्सना दोन्ही मान मिळालेत!

सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ मध्ये ॲबिसिनियात सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढले. स्फोटात कानाचा पडदा फाटला, पण गडी हटला नाही. त्यांना ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४८ मध्ये सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा केला. चक्क रणगाड्याखाली सरपटत, दोरीनं चालकाला खुणा करत! त्यांना परमवीर चक्र. हुद्दा तोच, काम तेच. मधे देश स्वतंत्र झाला, म्हणून पदक बदललं. मग लहान-मोठं कसं ठरवायचं?

विशेष म्हणजे दोघंही जिवंत परतले. एकवीस परमवीरांपैकी चौदा जणांना तो मान मरणोत्तर मिळालाय.